वजन उतरवायचंय, पण सुरुवात कुठून करू? (दर वर्षी संक्रांतीपर्यंतच टिकतं)

बर्डीवाली | ३ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढून राहिली आहे.

वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७९. डिसेंबरात ऑफिसमध्ये तपासणी शिबिर झालं. त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. तिथल्या डॉक्टर मुलीने कागदावर "वजन कमी करा" लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. कसं करायचं ते काही लिहिलं नाही. माझ्या मागे चाळीसेक माणसं उभी होती, तिचाही दोष नाही.

आतापर्यंत काय काय करून झालं ते सांगते, म्हणजे तेच सल्ले परत येणार नाहीत. सकाळी गरम पाणी-लिंबू-मध (दोन वर्षं, फक्त ॲसिडिटी झाली). सात दिवसांचं ते फळं-भाज्यांचं डाएट (चौथ्या दिवशी ऑफिसात चक्कर आली). एका केंद्रात पोटाला पट्टे बांधून घाम काढला, पैसे भरपूर गेले, घामही गेला, पोट तिथंच. जिमची वर्षभराची फी भरली, गेले मोजून अकरा दिवस. दर वर्षी १ जानेवारीला सुरू करते आणि हळदीकुंकवाचा पहिला तिळाचा लाडू तोंडात गेला की "आता काय, तुटलंच" म्हणून सोडून देते.

घरी आम्ही चौघं. हे, मी, बारावीतला मुलगा आणि सासूबाई, वय ७१. सकाळचा स्वयंपाक सासूबाईंचा, रात्रीचा माझा. त्या काटोलकडच्या, हात सढळ. भाजीवर तर्री तरंगली नाही तर म्हणतात, "हे का दवाखान्यातलं जेवण आहे?" आणि मी एक पोळी कमी घेतली की, "काऊन, माह्या हातचं आवडत नाई का आता?"

वेगळं शिजवायला मला वेळ नाही. प्रश्न एवढाच, की पहिली एकच गोष्ट करायची तर कोणती करू? दहा नका सांगू. दहा मला पाठ आहेत.

तर्रीबाज | ३ जानेवारी, रात्री ११.०५

पहिली गोष्ट म्हणजे हा धागा सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहून वाचू नये. उद्या सकाळी मी तिथंच असणार, म्हणून आत्ताच वाचून घेतला.

ताई, मी ९४ किलो आहे. सल्ला द्यायची माझी लायकी नाही. धाग्यावर बसून राहतो.

मिहानमधला | ३ जानेवारी, रात्री ११.३०

वजनं उचला, प्रोटीन वाढवा, साखर बंद. विषय संपला.

पुणेरी_पाहुणा | ४ जानेवारी, सकाळी ७.१२

विषय इतक्या लवकर संपत असता तर जिमवाल्यांची दुकानं चालली नसती. बाकी "काढून राहिली आहे" वाचून मौज वाटली. धागा काढताय की काढून कुठे राहताय?

बर्डीवाली | ४ जानेवारी, सकाळी ९.०२

काढूनही राहिली आणि इथंच राहिली आहे. तुम्ही वजनावर बोला.

हिशेबी_माणूस | ४ जानेवारी, दुपारी १.५०

ताई, तुम्ही एकच गोष्ट मागितलीत, मी एकच प्रश्न विचारतो. घरात तेलाचा डबा केवढ्याचा येतो आणि किती दिवस पुरतो? वजनाचा काटा जरा बाजूला ठेवा, आधी हे सांगा.

बर्डीवाली | ४ जानेवारी, रात्री ९.२०

हे कोणी विचारलं नव्हतं आजवर. किराण्याच्या वहीत पाहिलं. पाच लिटरचा डबा, २४-२५ दिवस. तूप वेगळं.

हिशेबी_माणूस | ४ जानेवारी, रात्री १०.१५

आता पाहा. पाच लिटर तेल म्हणजे वजनात साधारण ४५५० ग्रॅम, कारण तेल पाण्याहून हलकं. त्याला २४ दिवसांनी आणि चार माणसांनी भागा. माणशी रोज ४७ ग्रॅम. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे सव्वाचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. तळणाचं थोडं तेल फेकलं जात असेल, ते सोडून देऊ. तूप यात धरलेलंच नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम वरून घातलेलं तेल-तूप सांगितलं होतं. तुमच्या घरी त्याच्या दुप्पट जातं. घाबरू नका, माझ्याकडे मोजलं तेव्हा ५२ निघाले होते.

तोच डबा ३६ दिवस पुरवला, तर माणशी रोज सुमारे १६ ग्रॅम वाचतात. म्हणजे १४० कॅलरी. महिन्याच्या झाल्या ४२००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. तर एक पोळी कमी न करता, एक पाऊल न चालता, महिन्याला अर्धा किलो. कागदावर हं. शरीर कागदासारखं वागत नाही, पुढे पुढे वेग कमी होतो. पण सुरुवातीला धरायला हा आकडा बरा आहे.

यात मला आवडलेली गोष्ट अशी, की तुमचं ताट वेगळं दिसत नाही. कोणाच्या डोळ्यावर येत नाही. डाएट तुम्ही करत नाही, घराचा डबा करतो.

संत्र्याची_फोड | ५ जानेवारी, सकाळी ६.४८

हिशेबी, तुमचा डबा डोक्यावर घेऊन नाचावा असा आहे. :)

बर्डीवाली ताई, मी माझी कथा सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. चार वर्षांपूर्वी मी पाच महिन्यांत ११ किलो उतरवले. फोटो टाकले, मैत्रिणींनी विचारलं, मी अगदी ज्ञान पाजळलं. मग दीड वर्षात ८ परत आले. का आले, याचा मी बराच विचार केला.

मी घरच्या जेवणातून स्वतःला बाहेर काढलं होतं. सगळे वरण-भात-भाजी-पोळी जेवत, मी काकडी आणि उकडलेले मूग घेऊन टीव्हीसमोर. घरात लग्न निघालं, बहिणीचं. पंधरा दिवस घरात पाहुणे. वेगळं ताट जमेना, मग सगळ्यांसोबत जेवायला लागले आणि लक्षात आलं की सगळ्यांसोबत किती जेवायचं हे मला माहीतच नाही. ते शिकलेच नव्हते. पंगतीत बसून दोन पोळ्यांवर थांबणं ही वेगळी कला आहे, काकडी खाण्यापेक्षा फार अवघड.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात माझे अडीच किलो गेले होते, मी नाचले होते. ते बहुतेक पाणी होतं. शरीरात साठवलेल्या पिष्टासोबत त्याच्या तिप्पट पाणी असतं. जेवण एकदम तोडलं की ते पिष्ट संपतं आणि पाणी निघून जातं. पुन्हा जेवलं की परत येतं. त्याला "वजन वाढलं" म्हणून मी रडले होते.

म्हणून मला तेलाच्या डब्याची कल्पना पटली. तुमचं ताट सगळ्यांसोबतच राहू द्या.

दोनवेळा | ५ जानेवारी, सकाळी १०.३०

नागपूरकर असून अजून कोणी हे नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. आपले डॉ. श्रीकांत जिचकार. दिवसात दोनदाच जेवा, हा विचार त्यांनी मांडला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो राज्यभर नेला. कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांत जेवण उरका, मधे काही नाही. मी दोन वर्षं करतो आहे, ९ किलो कमी, परत आले नाहीत. घरचंच जेवतो, वेगळं काही शिजवावं लागत नाही.

पुणेरी_पाहुणा | ५ जानेवारी, सकाळी १०.५५

आणि ऋजुता दिवेकर सांगतात की थोड्या थोड्या वेळाने खा. दोन्ही बाजूंचे लोक बारीक झालेले दिसतात. मग खरं काय?

दोनवेळा | ५ जानेवारी, सकाळी ११.१०

खरं म्हणजे तुम्ही करून पाहा.

स्टेथो | ५ जानेवारी, रात्री ११.४५

दवाखाना आटोपून आत्ता वाचलं. मी फिजिशियन आहे, पण इथे कोणाचं औषध ठरवणार नाही. थोडं सर्वसाधारण लिहितो.

दोनदा खा की सहादा, दोन्हीमागे गोष्ट एकच आहे. दिवसाचं एकूण खाणं कमी झालं तर वजन उतरतं. ज्याला दोन जेवणांत ते जमतं त्याला ती पद्धत लागू पडते. ज्याला आठ तास उपाशी राहून रात्री ताटावर तुटून पडावंसं वाटतं त्याला नाही पडत. पण मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असताना परस्पर जेवण गाळलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशा माणसांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय वेळा बदलू नयेत. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि वाढत्या वयाच्या मुलांनी तर नाहीच.

ताईंसाठी. ६.१ म्हणजे मधुमेह नव्हे, त्याच्या उंबरठ्यावर. ५.७ पासून ६.४ पर्यंतचा हा पट्टा असतो आणि इथून मागे फिरता येतं. त्यासाठी साठ किलो गाठायची गरज नाही. वजनाच्या ५ टक्के, म्हणजे तुमचे ४ किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाब दोन्हीकडे फरक दिसू लागतो. चार. हा आकडा लिहून ठेवा, बाकीचे विसरा.

सुरू करण्यापूर्वी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब बघून घ्या. चाळिशीतल्या बायका "मी आळशी झाले" म्हणत येतात आणि हिमोग्लोबिन ८ निघतं. अशा बाईला चालायला सांगणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

कमरेचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्याकडच्या बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांत ९० च्या वर गेला की सावध व्हायचं. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर. रोज उभं राहिलात तर मीठ आणि पाळी यांनीच किलोभर खालीवर होतं आणि माणूस उगाच खचतो.

अजून एक, चालणं चांगलंच आहे, पण स्नायू टिकवायला थोडा जोर लावायचा व्यायाम लागतो. जिम नको. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून दहा. आठवड्यातून दोनदा-तीनदा. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या.

बर्डीवाली | ६ जानेवारी, रात्री १०.१०

डॉक्टर, "अन्याय" हा शब्द वाचून थोडा वेळ थांबले. तपासण्या शनिवारी करते.

घेर मोजला, ब्लाउजच्या टेपने. ९८. मुलाला सांगितलं नाही.

तेलाचं सासूबाईंना सांगितलं. "वजनासाठी" म्हटलं नाही, "तेल महाग झालं आहे" म्हटलं. त्यावर म्हणाल्या, "तं मंग सांगाचं न आधी." माझी पंधरा वर्षं वाया गेली!

तर्रीबाज | ६ जानेवारी, रात्री १०.२२

ताई, हे वाक्य फ्रेम करून लावतो.

वेटलॉसक्वीन | ७ जानेवारी, दुपारी ३.३३

[हा प्रतिसाद संपादकांनी काढला आहे. शेक, पावडर आणि "एका महिन्यात दहा किलो" विकायला हा धागा नाही. संपर्क क्रमांक टाकू नयेत.]

निवृत्त_अजनीकर | ७ जानेवारी, सायंकाळी ५.४०

मी ६८ वर्षांचा आहे, रेल्वेतून निवृत्त. सतरा वर्षं रोज चालतो. वजन फारसं उतरलं नाही हे आधीच कबूल करतो, कारण घरी येऊन चार चहा होतात. हिशेबी साहेब, चार चहांचा हिशेब करा बरं.

हिशेबी_माणूस | ७ जानेवारी, सायंकाळी ६.१५

काका, कपात दोन चमचे साखर धरतो. एक चमचा ५ ग्रॅम, २० कॅलरी. चार कपांचे आठ चमचे, १६० कॅलरी. दूध वेगळं. आणि पाऊण तास चाललात तर साधारण २०० जळतात. म्हणजे तुमचं चालणं चहा पिऊन टाकतो.

निवृत्त_अजनीकर | ७ जानेवारी, सायंकाळी ६.२०

हाय रे.

पण बाई, चालायला नक्की लागा. फक्त एक सांगतो, सिव्हिल लाईन्सच्या वॉकर्स स्ट्रीटवर जायचं, सेमिनरी हिल्सवर जायचं असं काही ठरवू नका. छान आहेत जागा, मीही जातो कधी. पण तुम्ही कुठे राहता, प्रतापनगर-खामल्याकडे? तिथून गाडी काढून तिकडे जायचं, पार्किंग पाहायचं, मग चालायचं. आठ दिवस होतं, नवव्या दिवशी गाडीची चाबी सापडत नाही. घराच्या दारातून पायात चप्पल घालून जिथपर्यंत जाता येतं तोच आपला ट्रॅक. कॉलनीतली बाग असेल तर उत्तम. आजकाल बागेत व्यायामाची यंत्रं लावलेली असतात. त्यावर पोट्टे झुलतात, पण सकाळी सहाला मोकळी मिळतात.

बर्डीवाली | १५ जानेवारी, रात्री ११.००

संक्रांत झाली. चार घरी हळदीकुंकू, सहा लाडू. लिहून ठेवलेत. दर वेळी इथंच सोडते, म्हणून मुद्दाम इथं येऊन सांगते. तपासण्या आल्या, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणजे दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोप येत होती ती आळसाची नव्हती.

हिशेबी_माणूस | १५ जानेवारी, रात्री ११.१२

एक मध्यम लाडू सुमारे शंभर कॅलरीचा. सहाशे. चरबीच्या हिशेबात ८० ग्रॅमसुद्धा नाही. सहा लाडवांनी काही तुटत नाही. "तुटलंच" म्हणून पुढचे अकरा महिने जे होतं त्याने तुटतं.

संत्र्याची_फोड | १६ जानेवारी, सकाळी ७.००

हौ. मीही असंच करायची, एक पाटोडी खाल्ली की मग दुकानच.

तर्रीबाज | २८ जानेवारी, सकाळी ९.४५

प्रामाणिक अहवाल. ठेलेवाल्याला सांगितलं, "पोहे कमी, चने जास्त, वरची लाल तर्री जरा बाजूला." तो माझ्याकडे असा पाहून राहिला जसं काही मी त्याच्या मुलीचं लग्न मोडलं. मग म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?" पण दिलं. चन्यांनी पोट खरंच भरतं, सोबतच्या कचोरीची आठवण येत नाही. रोजचं आठवड्यातून दोनदा केलं आहे. वजन ९२.५.

मिहानमधला | २८ जानेवारी, सकाळी १०.३०

ते चने म्हणजे प्रोटीनच आहे भाऊ, मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणून राहिलो.

ताई, तुमच्यासाठी खरं सांगतो, पावडर नको. आपल्याकडचं चून सगळ्यात भारी. शंभर ग्रॅम बेसनात वीसेक ग्रॅम प्रथिनं. फक्त फोडणी हिशेबी साहेबांच्या पळीने घाला. मोटाची उसळ, बरबटी, पोपटाच्या शेंगा आल्यात सध्या, जाड वरण. आपल्या घरात वरण इतकं पातळ असतं की त्यात वाटीभर पाणी आणि डाळीची आठवण असते. ते घट्ट करा आणि भात एक वाटीवर ठेवा.

पुणेरी_पाहुणा | २८ जानेवारी, सकाळी ११.१५

मोट म्हणजे मटकी, बरबटी म्हणजे चवळी, पोपट म्हणजे पावटा. बाकीच्या महाराष्ट्रासाठी अनुवाद. आणि चून म्हणजे पिठलं ना?

बर्डीवाली | २८ जानेवारी, दुपारी २.००

चून म्हणजे चून. पिठलं त्याचा पुण्यातला बारीक भाऊ. तुम्ही या, खाऊ घालते, कमी तेलाचं.

हिशेब द्यायचा राहिला. नवा डबा २९ दिवसांनी उघडला. वजन ७७.९. भाजी करपत नाही हे सासूबाईंना पटलं आहे. त्यांनी पळी काढून ठेवली आणि मिसळणाच्या डब्यातला चमचा घेतला. मी सांगितलं नव्हतं. आधी गंजात (पातेल्यात) तेल, मग मसाला, मग परत तेल, असं चालायचं. आता पहिलंच.

बर्डीवाली | १९ मार्च, रात्री १०.३०

दीड महिना लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. ७७.१ वर काटा चिकटला आहे. पाच आठवडे. रोज चालते, अर्धा तास, कधी पाऊण. खुर्चीचं करते. डबा ३३ दिवस. तरी हलत नाही. मुलाची परीक्षा, ऑफिसात मार्च एण्ड, रात्री एकला झोपते. आज चिडून काटा पलंगाखाली सरकवला.

शनिवारी चुलतजावेच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत आग्रह. "एक गुलाबजाम घ्या न, वजन का एका गुलाबजामानं वाढते?" मी नको म्हटलं तर ताट झाकलेल्या हाताच्या फटीतून टाकला. लोक असं का करतात? प्रेम आहे हे कळतं हो. पण आपल्या विदर्भात पाहुण्याला पोट फुटेस्तोवर जेवू घातल्याशिवाय कोणाला झोप येत नाही का?

संत्र्याची_फोड | २० मार्च, सकाळी ६.३०

ताटात थोडं राहू द्यायचं, रिकामं ताट दिसलं की वाढतात. वाढणारा येताना दिसला की शेजारणीशी बोलायला लागायचं. आणि "डॉक्टरने सांगितलं" हे वाक्य. "मी डाएट करते" म्हटलं की वाद होतो, "डॉक्टरने साखर बंद सांगितली" म्हटलं की मावशी गुलाबजामचं भांडं घेऊन हळहळत पुढे जातात.

स्टेथो | २० मार्च, रात्री ११.२०

काटा पलंगाखाली राहू द्या आठ दिवस. घेर मोजा, मग बोलू. आणि रात्री एकला झोपताय, सहाला उठून चालताय. पाच तास झोप. झोप कमी झाली की भूक वाढते, विशेषतः गोड आणि तळलेल्याची. मार्च संपेपर्यंत चालणं वीस मिनिटांवर आणा आणि झोप वाढवा. मी हे सांगतो तेव्हा पेशंटना वाटतं मी सवलत देतो आहे.

बर्डीवाली | २१ मार्च, सकाळी ८.१५

९५. ब्लाउजची टेप तीच.

तर्रीबाज | २१ मार्च, सकाळी ८.२०

तीन सेंटिमीटर! ताई, काटा खोटारडा आहे.

निवृत्त_अजनीकर | २ मे, सकाळी ७.३०

सूचना सर्वांना. पारा पंचेचाळीसकडे निघाला आहे. या वयातल्या आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या लोकांनी सकाळी साडेसहानंतर चालू नये. मी सव्वापाचला निघतो, सहाला घरात. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा बायको ठेवते, त्याचा उपयोग मला माहीत नाही पण ठेवून घेतो. आल्यावर सरबत नाही, मठ्ठा. मीठ घातलेला, साखर नाही. चहा दोनावर आणला आहे, हिशेबी साहेबांना सांगा.

सुभाषनगरला मेट्रोत चढणाऱ्या एका पोराने सांगितलं, तो उन्हाळ्यात स्टेशनचे जिने चढतो, सरकता जिना नाही. बरी युक्ती आहे. मला गुडघ्यांमुळे नाही जमत.

बर्डीवाली | ११ मे, रात्री १०.००

एप्रिलमध्ये साखर परत तपासली, ५.८. वजन ७५.६.

पण घरात रसाचा सीझन सुरू झाला. माझ्या माहेरी रस-पोळी म्हणजे रस वाटीने नाही, गंजाने. काल दुपारी झाली तीन वाटी. मग कूलरसमोर झोप. लिहून ठेवलं.

दोनवेळा | ११ मे, रात्री १०.४०

जेवणातच घ्या, चार वाजता वेगळी वाटी नको. आणि त्या दिवशी भात नको. रस हेच गोड, रस हाच भात.

हिशेबी_माणूस | ११ मे, रात्री १०.४५

रसात साखर घालता का?

बर्डीवाली | ११ मे, रात्री १०.५०

आजपासून नाही.

बर्डीवाली | २४ जून, रात्री ९.५०

पाऊस आला. वजन ७४.६. डॉक्टरांनी सांगितलेला चारचा आकडा ओलांडला. घेर ९२. गुडघा जिन्यावर बोलत नाही. काल सासूबाई सकाळी माझ्यासोबत बागेत आल्या. दोन चकरा मारून बाकावर बसल्या आणि व्यायामाच्या यंत्रावरच्या पोट्ट्यांना रागवल्या.

डबा ३८ दिवस पुरला. हिशेबी, टाळ्या वाजवा.

आणि आता खरी बातमी. आज कोठीच्या मागे झाडू मारताना एक बाटली सापडली. एक लिटर, फल्ली (शेंगदाणा) तेल, पाऊण रिकामी. विचारलं. म्हणाल्या, "पापड त्या तेलात बरोबर तळल्या जात नाई. म्हणून मी वेगळं आणते. महिन्याचं एक." पेन्शनच्या पैशातून!

हिशेबी_माणूस | २४ जून, रात्री १०.०५

थांबा, करतो. पाच आणि एक, सहा लिटर. ५४६० ग्रॅम, ३८ दिवस, चार माणसं. माणशी ३६ ग्रॅम. ४७ होते, म्हणजे ११ ग्रॅम तरी कमी झालेच. हे वाईट नाही.

पण ताई, एक महत्त्वाचं. जानेवारीच्या आधीही ती बाटली येत होती का? येत असेल तर माझा पहिलाच आकडा चुकला. त्यांना विचाराल का?

बर्डीवाली | २४ जून, रात्री १०.२५

विचारलं. पदर तोंडाला लावून हसून राहिल्या आहेत.

तर्रीबाज | २४ जून, रात्री १०.२७

८८.२. पण आज पापडांचं ऐकून भूक लागली.